वाचक विचारतात: शेपटीचं चाक, मुरमाची पट्टी आणि मे महिन्यातली हवा

गेल्या अंकात ‘पुष्पक’वर एक छोटं टिपण होतं. डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या देखरेखीखाली हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये आकाराला आलेलं, 1958 साली पहिल्यांदा उडालेलं हे विमान. 90 अश्वशक्तीचं काँटिनेंटल इंजिन, कापडी पंख, शेजारी-शेजारी दोन आसनं आणि मागे शेपटीखाली चिमुकलं चाक. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकच गोष्ट विचारणारी पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न: मी सेसना 152 वर पीपीएल (खासगी वैमानिकाचा परवाना) केलं आहे. आम्ही तिघे मित्र मिळून पायपर कब जातीचं जुनं विमान घ्यायचा विचार करतोय. सगळे सांगतात, ‘टेलव्हील आहे, उतरताना गरकन फिरेल.’ हे खरंच इतकं अवघड असतं का? की नुसती भीती? (एक वाचक, रामबाग, इंदूर)

उत्तर: भीती खरी आहे, पण कारण समजलं की ती आटोक्यात येते. बैलगाडी पुढून ओढली तर सरळ येते. तीच मागून ढकलली तर दांडी जरा वाकडी झाली की गाडी आणखी वाकडी जाते. सेसना 152 मध्ये वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो, म्हणून नाक थोडं वळलं तरी विमान आपोआप सरळ होऊ पाहतं. कबमध्ये तो चाकांच्या मागे असतो. नाक डावीकडे पाच अंश गेलं की मागचं वजन चाकांना ओलांडून पुढे यायला बघतं आणि पाचाचे दहा, दहाचे तीस होतात. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. त्यात बाहेरच्या बाजूचं पंखाचं टोक जमिनीला लागतं, कधी त्या बाजूचा लँडिंग गिअरचा पाय दुमडतो. जीव सहसा वाचतो, पण दुरुस्तीचं बिल तिघांत वाटलं तरी जड जातं.

उपाय पायांत आहे. रडर, म्हणजे पायांनी वळवायचं शेपटीचं सुकाणू, मोठा देऊन वाट बघायची नाही. छोटे-छोटे, सतत, दोन्ही पायांनी द्यायचे आणि नाक सरळ व्हायच्या जरा आधी पाय सोडायचा. सरळ झाल्यावर सोडलात तर उशीर झालेला असतो, नाक दुसरीकडे निघालेलं असतं. नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकावर ठेवा आणि दोन्ही कडा डोळ्यांच्या कोपऱ्यांतून बघा. तीन टेकूंवर उभं असताना नाकापलीकडचं काही दिसत नाही, म्हणून टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चालवताना, नागमोडी जावं लागतं.

टॅक्सीतच वाऱ्याची सवय लावून घ्या. वारा समोरून तिरका असेल तर स्टिक (हातातला नियंत्रणाचा दांडा) मागे आणि वाऱ्याच्या बाजूला. मागून तिरका असेल तर स्टिक पुढे आणि वाऱ्याच्या उलट बाजूला. नाकचाकाच्या विमानात हे चुकलं तरी भागतं, इथे वारा शेपटी उचलतो.

टेक-ऑफला शेपटी वर करताना नाक डावीकडे जाईल. फिरणारा प्रॉपेलर म्हणजे भोवराच, त्याचं तोंड खाली झुकवलं की झटका काटकोनात येतो. शेपटी उचलण्याच्या त्याच क्षणी उजवा पाय तयार हवा, नाक गेल्यावर नव्हे. शिवाय शेपटी हळू उचला. झटका उचलण्याच्या वेगावर अवलंबून असतो.

उतरायचे प्रकार दोन. तिन्ही चाकं एकदम टेकवणं हे कमी वेगाचं, आखूड पट्टीसाठीचं. नुसती मुख्य चाकं टेकवून स्टिक किंचित पुढे धरणं हे जोराच्या किंवा आडव्या वाऱ्यासाठी सोयीचं, पण त्यात खाली यायचा वेग अगदी कमी हवा, नाहीतर उसळी बसते. उसळी बसली की ती स्टिकने ‘दुरुस्त’ करत बसू नका. पूर्ण थ्रॉटल देऊन पुन्हा फेरी घ्या. टेकल्यावरही काम संपत नाही. वेग उतरत जाईल तसा एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेची हलती झडप) वाऱ्याच्या बाजूला वाढवत न्यायचा असतो. नवशिक्यांचे ग्राउंड लूप बहुतेक शेवटच्या टप्प्यात होतात, वेग वीस-तीसवर आलेला असताना, कारण ‘आता उतरलो’ म्हणून पाय सैल पडतात आणि त्याच वेळी रडरवरची हवाही कमी झालेली असते.

किती तास लागतील? अमेरिकेत यासाठी प्रशिक्षकाची वेगळी नोंद लागते, तासांचा ठरावीक आकडा नाही. नेहमी पाच ते दहा तास जातात. तिघांनीही ते वेगवेगळे भरावेत. एकाने शिकून दोघांना शिकवायची कल्पना पत्रात आहे. ती सोडून द्या.

आणखी एक. तुम्ही कबच्या वजनाचा हिशेब मांडलेला नाही. जे-3 कबचं रिकामं वजन सुमारे 345 किलो, कमाल वजन 553. टाकीत 45 लिटर म्हणजे साधारण 32 किलो इंधन. उरले 175 च्या आसपास. ऐंशी किलोचे दोघं बसले की पिशवीला दहा-पंधरा किलो उरतात, आणि सामानाच्या कप्प्याची मर्यादा तर नऊच किलो आहे. दोघंही इंदूरच्या छप्पन दुकानांवर रोज पोहे-जलेबी खाणारे असाल तर इंधन कमी घ्यावं लागेल. एकटं उडताना मागच्या आसनावर बसायचं असतं, पुढे नाही. वजनाचा मध्य तसाच जमतो.

प्रश्न: आमच्या ओळखीत 600 मीटर लांबीची मुरमाची सपाट पट्टी आहे, उंची इंदूरएवढीच. विमानाच्या हँडबुकात 50 फूट उंची गाठेपर्यंतचं टेक-ऑफ अंतर 300 मीटर दिलं आहे. म्हणजे दुप्पट जागा आहे ना? (एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर: नाही. हँडबुकातले 300 मीटर समुद्रसपाटीचे, 15 अंशांचे, कोरड्या डांबराचे आणि नव्या इंजिनाचे असतात. तुमचं गणित असं:

इंदूर 1850 फुटांवर आहे. दर हजार फुटांना टेक-ऑफ अंतर सुमारे 10 टक्के वाढतं, म्हणजे दोन हजार धरून 1.21 पट. त्या उंचीवर प्रमाण तापमान 11 अंश असतं. मे महिन्यात दुपारी 42 असेल तर 31 अंश जास्त, आणि दर दहा अंशांना पुन्हा 10 टक्के, म्हणजे 1.33 पट. मुरमावर आखूड कोरडं गवत असेल तर 1.2 पट. हे आकडे एकमेकांशी गुणायचे, बेरीज करायची नाही. 300 चे 580 होतात. त्यावर सुरक्षिततेचा 1.33 हा गुणक लावायचा, कारण तुमचं इंजिन नवं नाही आणि तुम्हीही चाचणी वैमानिक नाही. उत्तर 771 मीटर. पट्टी 600 ची.

‘मग पहाटे निघू’ हे पुढचं वाक्य असणार. सकाळी सहाला 26 अंश धरा. तापमानाचा गुणक 1.15 होतो, उत्तर 666 मीटर. तरीही पुरत नाही. आता वजन 10 टक्क्यांनी उतरवा. वजन 10 टक्के वाढलं की अंतर 20 टक्के वाढतं, तेच उलट लावलं की साधारण 555. आता पट्टी पुरते, पण 45 मीटरच हातात राहतात. म्हणजे या पट्टीवरून मे महिन्यात एकट्याने, अर्ध्या टाकीवर, सकाळी जाता येईल. दोघांनी दुपारी नाही.

हेच वेगळ्या शब्दांत सांगायचं तर 42 अंशांना इंदूरची हवा साडेपाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते. इंजिनाची ताकद घटते, प्रॉपेलरची पकड घटते, पंखाला जास्त वेग लागतो. तिन्ही एकदम. म्हणून अंतर इतकं फुगतं.

बाकीचे गुणक चिकटवून ठेवा: ओलं गवत 1.3, मऊ जमीन 1.25, दोन टक्के चढ 1.1, आणि हवेत उठण्याच्या वेगाच्या एक-दशांश इतका मागचा वारा 1.2. उतरण्याचे गुणक वेगळे असतात. ओल्या गवतावर 1.35, कारण ब्रेक घसरतात, आणि शेवटचा सुरक्षेचा गुणक 1.43.

पट्टीच्या मध्यावर चुन्याचा आडवा पट्टा मारा किंवा झेंडा रोवा. तिथे पोचेपर्यंत उठण्याच्या वेगाच्या 70 टक्के वेग आला नसेल तर थ्रॉटल बंद. त्या जागी विचार करायचा नसतो, तो विचार आधीच झालेला असावा.

आणि जमिनीबद्दल. तुम्ही मुरूम म्हणताय, पण पट्टीच्या दोन्ही टोकांना काळी माती आहे का, ते पायी चालून बघा. पावसानंतर ती चाकाला चिकटते, फेंडरखाली भरते आणि चाक जवळजवळ जाम करते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि शेपटीचं चाक त्यात अडकून तुटतं. पहिल्या पावसानंतर टाचेने दाबून बघा. टाच रुतली तर विमान घरीच. परवानगीचं सांगून ठेवतो: जमीनमालक ‘हो’ म्हणाला म्हणून तिथे उतरता येत नाही. प्रशासनाची आणि विमान वाहतूक खात्याची लेखी संमती आधी हवी. बाहेरगावच्या उड्डाणाला हवाई संरक्षणाची मंजुरी, म्हणजे एडीसी, आणि एफआयसीचा, म्हणजे उड्डाण माहिती केंद्राचा, क्रमांक लागतो. तो घेतल्याशिवाय इंजिन सुरूच करू नका.

प्रश्न: विकणारा म्हणतो, ‘विमान नव्यासारखं आहे, नुकताच रंग दिला आहे.’ काय तपासावं? (एक वाचक, दौलतगंज, लष्कर, ग्वाल्हेर)

उत्तर: नुकताच रंग दिला आहे, हीच पहिली शंका. रंगाखालचं कापड किती जुनं, ते विचारा. कापडाला मारतं ते ऊन. त्यासाठी रंगाआधी ॲल्युमिनियमची पूड घातलेले चंदेरी थर द्यावे लागतात. संध्याकाळी पंखाच्या तपासणी-झाकणातून आत दिवा लावा आणि बाहेरून बघा. उजेड झिरपत असेल तर चंदेरी थर पातळ आहे, वरचा रंग कितीही चकचकीत असो. मग ताकदीची चाचणी. कबसारख्या हलक्या विमानाला चालणारं सुती कापड इंचाला 46 पौंडांच्या खाली तुटत असेल तर ते बदलायचंच. पॉलिस्टरचं कापड असलं तरी किमान ताकद मूळ कापडाच्या हिशेबानेच धरतात. चाचणी सर्वांत जास्त ऊन खाणाऱ्या भागावर करा, म्हणजे पंखाच्या वरच्या बाजूला आणि गडद रंगाखाली. विकणारा पोटाखालचा भाग दाखवेल.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पोलाद. शेपटीच्या टोकाजवळच्या खालच्या नळ्यांत पाणी साचतं आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरून फक्त रंगाला फोड आलेला दिसतो. तिथलं कापड थोडं उघडून नळीवर टोकदार पंचने हलकेच ठोका. आवाज बद्द आला किंवा टोक रुतलं तर त्या नळीचा तुकडा बदलावा लागेल. पंखांना आधार देणाऱ्या तिरक्या दांड्यांचं प्रकरण तर प्रसिद्ध आहे. पायपरच्या जुन्या, तळाशी उघड्या दांड्यांत ओल शिरून त्या आतून पोखरल्या जातात. त्यावर अमेरिकेच्या विमान प्राधिकरणाचा आदेशच आहे (2015-08-04) आणि तपासणी दर 24 महिन्यांनी लागते. दोन्ही टोकांना बंद केलेल्या नव्या दांड्या बसवल्या असतील तर हे झंझट संपतं. विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा. दांडीच्या तळाच्या काट्याचे आटेही बघा, तडा तिथून सुरू होतो.

इंजिन ‘फक्त 200 तास’ चाललं आहे, याचं कौतुक करू नका. ते 200 तास किती वर्षांत, ते महत्त्वाचं. लायकॉमिंग कंपनीच्या इंजिनात कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (मुख्य फिरत्या दांड्याच्या) वर असतो. इंजिन महिनोन्‌महिने उभं राहिलं की त्यावरचं तेल निथळतं आणि पावसाळ्याच्या दमट हवेत तो गंजतो. सुरू केल्यावर तो गंज खरवडला जाऊन तेलात उतरतो. म्हणून तेलाचा फिल्टर कापून बघा, चुंबकाला चिकटणारे कण शोधा. सिलिंडरचा दाब 80 पौंडांच्या चाचणीत 60 च्या खाली असेल तर किंमत त्या हिशेबाने बोला.

गिअरमधल्या रबरी दोऱ्या, म्हणजे बंजी, हाताने चाचपा. सैल, तडकलेल्या किंवा तेलकट असतील तर बदला. दोऱ्यांच्या आवरणातल्या रंगीत धाग्यांवरून त्या कोणत्या साली बनल्या, ते कळतं. शेवटी लॉगबुक. मधली दोन-तीन वर्षं गायब असतील तर तेव्हा काहीतरी आपटलं होतं, असं धरून चाला.

प्रश्न: उतरल्यावर शेपटीचं चाक भयंकर थडथडतं, सगळं विमान हलतं. चाक बदललं तरी तेच. (एक वाचक, इंदूर)

उत्तर: चाकाचा दोष नसावा. पाट्यांची स्प्रिंग बसली आहे. शेपटीचं चाक ज्या उभ्या खिळ्याभोवती फिरतं, त्याचं वरचं टोक किंचित मागे झुकलेलं किंवा फार तर सरळ उभं हवं. स्प्रिंग चपटी झाली की ते टोक पुढे झुकतं आणि चाक थडथडू लागतं. विमानात दोन माणसं आणि इंधन घालून, सपाट फरशीवर, बाजूने बघा. पुढे झुकलेलं दिसलं तर पाट्या नव्या घ्या. त्या वाकवून परत कमान आणायचा जुगाड दोन महिनेही टिकत नाही. जोडीला टायरमधला दाब, खिळ्याचा सैलपणा, घर्षण-चकत्या आणि रडरपासून येणाऱ्या साखळ्या बघा. साखळी लोंबू नये, पण ताणलेलीही नको.

प्रश्न: अलास्कातल्या विमानांसारखे मोठे फुगीर टायर लावावेत का?

उत्तर: डांबरावर उडणार असाल तर नाही. 31 इंची टायर नदीकाठच्या गोट्यांसाठी असतो. त्यातला दाब दहा पौंडांच्या आतच ठेवतात. डांबरावर तो लवकर झिजतो, आडवा घट्ट पकडतो आणि ग्राउंड लूपला निमंत्रण देतो. चाक मोठं झालं की तोच ब्रेक कमी लागतो. मुरमासाठी 8.50-6 पुरेसा.

प्रश्न: एव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) महाग आणि दुर्मीळ. जुनी कमी दाबाची इंजिनं साध्या पेट्रोलवर चालतात म्हणे. पंपावरचं घालू का? (दोन वाचक, दांडिया बाजार, बडोदा)

उत्तर: अमेरिकेत काही इंजिनांना तशी मंजुरी आहे, पण ती इथेनॉल नसलेल्या पेट्रोलला. आपल्याकडे पंपावर 20 टक्के इथेनॉल येतं. ते रबरी नळ्या आणि सील फुगवतं, हवेतली ओल शोषतं, आणि कबच्या टाकीतल्या बुचाच्या तरंग्यावरचा लाखेचा थर विरघळवतं. तो तरंगा म्हणजेच तुमचा इंधनमापक. बूच इंधन पितं, बुडतं, त्याचे तुकडे गाळणीत जातात. उन्हाळ्यात नळीत वाफ अडकून इंजिन बंद पडायचा धोका वेगळाच. तेव्हा नको. निळं 100 एलएल आणा, आणि रात्रभर उभ्या राहिलेल्या विमानाचं इंधन सकाळी तळातून पेल्यात काढून पाणी आहे का, ते बघा.

याच पत्रात पुढे, ‘जुलैत इंजिन हळूहळू मंदावलं, परत आपोआप ठीक झालं,’ असं लिहिलं आहे. तो बर्फ होता. 24 अंशांच्या ढगाळ, ओल्या हवेतही काँटिनेंटलच्या कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो, कारण इंधनाची वाफ होताना आतलं तापमान वीसेक अंश पडू शकतं. थ्रॉटल कमी करायच्या आधी कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी खुंटी, पूर्ण ओढा. इंजिन आधी आणखी खडखडेल. वितळलेलं पाणी आत जातंय म्हणून तसं होतं, घाबरून ती बंद करू नका.

प्रश्न: स्टार्टर नसलेलं इंजिन हाताने सुरू करण्याची योग्य पद्धत सांगा. (एक वाचक, रावपुरा, बडोदा)

उत्तर: शेपटी खुंटीला दोराने बांधा, दोन्ही चाकांना ओंडके लावा, आत ब्रेक धरून जाणकार माणूस बसवा. पायाखाली खडी नको, पायात चप्पल नको, गळ्यात उपरणं किंवा ओढणी नको. स्विच बंद, थ्रॉटल बंद, प्रायमरचे (सिलिंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या हातपंपाचे) दोन-तीन झटके, मग प्रॉपेलर चार पाती फिरवा. त्यानंतर थ्रॉटल जेमतेम उघडा, आतल्याने ‘कॉन्टॅक्ट’ म्हणून स्विच लावला की बाहेरच्याने तोच शब्द परत म्हणायचा. तळवा पात्यावर सपाट, बोटं कडेवरून आत वळवायची नाहीत. खाली ओढून त्याच झोकात मागे सरा.

इंधन जास्त झालं तर स्विच बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि पाती फिरवून सिलिंडर मोकळे करा. मग थ्रॉटल बंद केलं ना, हे दोघांनीही मोठ्याने बोलून बघा. ते उघडं राहिलं की विमान दोर तोडून निघतं.

स्विच बंद असला तरी प्रॉपेलर जिवंतच समजा. घरातल्या दिव्याची तार तुटली की दिवा विझतो. मॅग्नेटोचं, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राचं, उलट असतं: स्विच त्याला जमिनीशी जोडून गप्प करतो, ती तार तुटली की तो कायमचा चालू राहतो. म्हणून दर वेळी इंजिन बंद करण्याआधी, कमी वेगावर, स्विच क्षणभर बंद करून बघा. इंजिन गचकलं पाहिजे. गचकलं नाही तर मेकॅनिकला बोलवा आणि प्रॉपेलरवर ‘हात लावू नका’ अशी पाटी टांगा.

प्रश्न: मुलगा अँकरेजला असतो. तिथल्या विमानात ठेवतात तसा सॅटेलाइटवरून निरोप पाठवणारा छोटा यंत्र-डबा तो पाठवतोय. चालेल ना? (एक वाचक, ग्वाल्हेर)

उत्तर: नाही, लगेच कळवून थांबवा. दूरसंचार खात्याच्या परवान्याशिवाय उपग्रह फोन किंवा असं यंत्र भारतात आणणं, जवळ ठेवणं गुन्हा आहे. त्याऐवजी 406 मेगाहर्ट्झचा ईएलटी (अपघातात आपोआप संकेत पाठवणारा डबा) बसवा आणि बेंगळुरूच्या इस्रोच्या केंद्रात त्याची नोंदणी करा. नोंद नसेल तर संकेत मिळतो, पण विमान कोणाचं, ते कोणाला कळत नाही. बॅटरीची मुदत डब्यावर लिहिलेली असते, ती लॉगबुकातही उतरवा. सामानात माणशी चार लिटर पाणी, शिटी, आरसा, प्रथमोपचार आणि विजेरी पुरे.

प्रश्न: महिनाभर उभ्या असलेल्या विमानाचा वेगमापक शून्यावरच राहतो.

उत्तर: पिटो नळीत, म्हणजे वेगमापकाला समोरची हवा पोचवणाऱ्या नळीत, कुंभारमाशीने मातीचं घर केलं आहे. तोंडाने फुंकू नका, मापक मोडतो. नळी मापकापासून सोडवून मगच साफ करा आणि पुढे लाल फीत लावलेलं झाकण घाला. टाकीच्या झाकणातलं हवेचं छिद्रही त्याच दिवशी तारेने तपासा. माशीने ते लिंपलं तर इंधन उतरत नाही, आणि इंजिन बंद पडतं ते टेक-ऑफनंतर.